समोरच्याचा उजवा हात

आई,

तुला आधी ड्रोन म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं तुला खोटं वाटेल. परातीएवढं यंत्र असतं. चार बाजूंना चार हात आणि प्रत्येक हाताच्या टोकाला पंखा. ते उडतं, हवेत एका जागी थांबतं, खालचे फोटो काढतं, आणि मी जमिनीवर उभी राहून दोन अंगठ्यांनी ते चालवते. हे माझं पोटापाण्याचं काम आहे. कलमांच्या बागा, चिऱ्याच्या खाणी, किनाऱ्यावरचे बंधारे, यांचे नकाशे आम्ही वरून काढतो. तू असतीस तर पहिल्यांदा विचारलं असतंस, "पडत नाय?" पडतं. माझ्या हातून अजून पडलेलं नाही, पण गेल्या आठवड्यात पडता पडता राहिलं, आणि ते कसं राहिलं हे सांगावं असं दुसरं माणूस मला आठवेना. बाबांना सांगितलं असतं. पण ते जहाजावर आहेत, आणि फोन लागतो तेव्हा आमच्यापैकी एक जण नेहमी झोपेतून उठलेला असतो.

आपलं घर सड्यावर, उंच कातळावर, एकटं होतं. भोवती कलमं, खाली खाडी, आणि शाळा खाडीच्या पलीकडे. शाळेत जायचं म्हणजे तरीत बसायचं, आणि तू लांज्याकडची, डोंगरातली. पाण्याची तुला धास्ती. "दुधाचे दात पडूदेत, मग जाईल शाळेत," असं तू विचारणाऱ्याला सांगायचीस. म्हणून माझी पहिली शाळा म्हणजे आपलं स्वयंपाकघर. भाकऱ्या झाल्या की काठवटीत उरलेलं तांदळाचं पीठ तू तळहाताने सपाट करायचीस आणि माझ्यासमोर बसायचीस. शेजारी नव्हे, समोर. काठवट आपल्या दोघींच्या मध्ये. तू बोटाने अक्षर काढतेस ते तुझ्या बाजूने उलटं, अक्षराचं डोकं तुझ्या मांडीशी आणि पाय माझ्याकडे, म्हणजे मला ते सुलट दिसावं. मला वाटायचं सगळ्या आयांना असंच येतं. पुढे शाळेत गेले आणि पहिल्याच दिवशी घरी येऊन तुला सांगितलं की गुरुजी आमच्यावर रागावलेत. "काय केलंस?" तू विचारलंस. "काय नाय. ते आमच्याकडे पाठ करून लिहितात." तू हसलीस ती ठसका लागेपर्यंत. मला आजही त्यात हसण्यासारखं काय होतं ते पुरतं कळलेलं नाही. फळ्यावर लिहिताना पाठ करावीच लागते हे कळतं. पण तू करत नव्हतीस.

डावं-उजवं मात्र मला येत नव्हतं. तू समोर बसून उजवा हात वर केलास की मी डावा वर करायची, आरशात बघितल्यासारखा. बाबा सुट्टीवर आले तेव्हा त्यांनी सांगितलं की जहाजावर माणसाचा डावा-उजवा धरतच नाहीत, जहाजाचा धरतात. जहाजाच्या उजव्या अंगाला हिरवा दिवा, डाव्या अंगाला तांबडा. तुम्ही कुठेही तोंड करून उभे राहा, हिरवा तो हिरवाच. बाबा सुट्टी संपवून गेले, आणि पुढच्या बाजाराला तू मला दोन काचेच्या बांगड्या आणल्यास. उजव्या हातात हिरवी, डाव्या हातात तांबडी. पलीकडच्या बागेतल्या काकू बघून म्हणाल्या, "ही कसली गो तऱ्हा? पोरीचं जहाज केलंस काय?" तू कोयतीवर नारळ फोडत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "केलंय तर. अंधारात कोण आपटायला नको."

तरीही मी चुकले. घरापुढच्या खळ्यात एकटीच खेळत होते आणि एक म्हातारे पाहुणे वाट विचारत आले, त्यांना पलीकडच्या बागेत जायचं होतं. मी त्यांच्यासमोर उभी राहून, बांगडी बघून, अगदी खात्रीने सांगितलं, उजवीकडे वळा. ते बिचारे त्यांच्या उजवीकडे वळले आणि खाणीच्या वाटेला लागले. उन्हं कलताना परत आले तेव्हा त्यांच्या धोतराला काटे होते. तू त्यांना पाणी दिलंस, गूळ दिलास, त्यांच्या देखत मला काही बोलली नाहीस. ते गेल्यावर विचारलंस, "उजवा कुणाचा सांगितलास?" मी हिरवी बांगडी दाखवली. "तुला जायचं होतं काय कुठे? जो चालणार त्याचा उजवा सांगायचा. तू आपली उभी. तुझ्या उजव्याचं त्याला काय करायचंय?"

मग तू तो खेळ काढलास. खळ्याच्या एका टोकाला स्वयंपाकघराच्या पायरीवर मी, दुसऱ्या टोकाला कुंपणाच्या वईपाशी तू, डोळे मिटून. मी सांगायचं, तू चालायचं. पुढे. थोडं डावीकडे. थांब. तू माझ्याकडे तोंड करून येतेस, आणि तुझ्या दोन्ही हातांत हिरव्याच बांगड्या, म्हणजे तुझा उजवा कुठला हे मला बघून कळत नाही, तुझ्या जागी जाऊन विचार करावा लागतो. मी चुकायची. तू वईत शिरायचीस, एकदा तुळशीच्या कट्ट्याला गुडघा आपटलास, पण डोळे उघडले नाहीस. तेवढं मला अजून नीट दिसतं, डोळे घट्ट मिटलेला तुझा चेहरा आणि पुढे धरलेले हात. एका दिवशी मी युक्ती केली. पळत जाऊन तुझ्या पाठीमागे उभी राहिले. आता तुझा उजवा तोच माझा उजवा. धडाधड सांगत तुला पायरीपर्यंत नेलं. पायरीला पाऊल लागल्यावर तू डोळे उघडलेस आणि मागे वळून म्हणालीस, "मागून कोण पण सांगेल गो. समोरून सांग." पुन्हा वईपाशी गेलीस आणि डोळे मिटलेस. ते समोरून सांगणं मला जमलं की नाही हे मला आठवत नाही. मी चौथीत असताना तू गेलीस. त्याच्या आधीच कधीतरी तो खेळ थांबला होता, कारण तुला चालल्यावर धाप लागायची.

हे सगळं माझ्या कामात जसंच्या तसं आहे म्हणून सांगते आहे. ड्रोनला आपण कुठे आहोत हे एका पद्धतीने कळून भागत नाही. एक पत्ता साऱ्या पृथ्वीचा, अक्षांश-रेखांशांचा, उपग्रहांकडून येणारा. तो कुणाच्या बाजूचा नसतो. दुसरा पत्ता घरापासूनचा. यंत्र जिथून उडतं ती जागा ते घर म्हणून लक्षात ठेवतं, आणि मग घरापासून उत्तरेला किती, पूर्वेला किती, खाली किती, असं मोजतं. हो, खाली. आत वापरतात त्या गणितात खालची दिशा अधिक धरतात, त्यामुळे यंत्र जितकं वर जाईल तितका आकडा उणे होत जातो. शिकताना मला हे बघून तुझी आठवण आली होती. तू म्हणाली असतीस, उडायला आणलंय की विहीर खणायला? आणि तिसरा पत्ता त्याच्या स्वतःच्या अंगाचा. त्याचं पुढे, त्याचं उजवं. माझ्या अंगठ्यांनी मी त्याच्याशी या तिसऱ्या भाषेत बोलते. मी उजवीकडे ढकललं की ते त्याच्या उजवीकडे जातं. ते माझ्याकडे पाठ करून लांब जात असतं तोवर सगळं सोपं. ते माझ्याकडे तोंड करून परत यायला लागलं की त्याचा उजवा तो माझा डावा. मी त्याच्या उजव्या हाताला हिरवी चिकटपट्टी लावली आहे. ऑफिसात कुणी विचारलं तर म्हणते, तिथे चीर गेल्यासारखी वाटली म्हणून लावली.

आमचे सर घाटावरचे आहेत. माणूस वाईट नाही, पण त्यांना माझं तपासणं सोसत नाही. बॅटरी, पंखे, होकायंत्र, वारा, पुन्हा बॅटरी. "तू तपासत बसतेस आणि ऊन निघून जातं," ते म्हणतात. "उडवायला आत्मविश्वास लागतो. नसला तर ऑफिसात बसून नकाशे जोडणं पण तितकंच महत्त्वाचं काम आहे." तितकंच महत्त्वाचं असं कुणी म्हणालं की समजावं. मला ऑफिसात बसायचं नाही, आई. तिथे सगळे एकमेकांच्या शेजारी बसून एकेका पडद्यात बघतात, आणि मी दिवसभर न बोलता घरी येते. घर म्हणजे स्टँडमागची एक खोली, तिथेही न बोलता. बाहेर निदान वारा असतो, विचारणारी माणसं असतात, "काय वो, लग्नाचं शूटिंग काय?" म्हणून गेल्या आठवड्यात समुद्रावरचं काम पहिल्यांदा एकटीवर सोपवलं गेलं, तेव्हा हे काम बिघडलं तर पुढची सगळी कामं खुर्चीवरची, हे मला न सांगता कळलं होतं.

एका गावच्या किनाऱ्याची धूप होते आहे, तिथला दगडी बंधारा समुद्राच्या बाजूने बघायचा होता. त्यासाठी होडी ठरवली. तांडेल साठीचा, डोक्याला टोपी, तोंडात सतत काहीतरी. किनाऱ्यापासून थोडं आत जाऊन त्याने नांगर टाकला. यंत्राला घर कुठलं सांगायचं हे मला ठरवायचं होतं. ती जागा उडताना बदलत ठेवता येते, किंवा एकदा ठरवून पक्की करता येते. पक्की केलेली जास्त भरवशाची, जर होडी हलणार नसेल तर. म्हणून मी तांडेलाला विचारलं, होडी हलणार नाही ना? "नाय वो मॅडम. नांगर टाकलाय." मी पुन्हा विचारलं. "सांजपर्यंत इथंच." सगळं मांडून झाल्यावर मी तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा तो हसायलाच लागला. "एवढं तर नवऱ्याला पण कोण विचारत नाय. नाय हलत!" मी घर पक्कं केलं आणि यंत्र सोडलं.

डोक्यावरून टॉवेल घेऊन मी पडद्यात बघत बसले. काम छान चाललं होतं. बंधाऱ्याचा एकेक दगड दिसत होता, कुठे खालची वाळू निघून गेलीय तेही. मला इतकं बरं वाटत होतं की ऊन पाठीवर होतं ते तोंडावर आलं हे लक्षात यायला वेळ लागला. लक्षात आलं तेव्हाही वाटलं, मीच वळून बसले असेन. होडीतलं सगळं जागच्या जागी होतं, पाण्याचा पिंप, जाळ्यांचा ढीग, तांडेल आणि त्याचा थर्मास. मग बॅटरी ठरवलेल्या पातळीवर आली, यंत्राने सूचना दिली आणि आपण होऊन घरी निघालं. ते बघायला मी टॉवेल काढला. किनारा मघाशी डाव्या हाताला होता, तो उजव्या हाताला होता. भरती सरून ओहोटी लागली होती, आणि होडी नांगराभोवती अर्धी फिरून दुसऱ्या बाजूला गेली होती. मागे, रिकाम्या पाण्यावर, यंत्र येऊन थांबलं आणि शांतपणे खाली उतरायला लागलं. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. घर म्हणून सांगितलेल्या जागेवर ते बरोबर आलं होतं. तिथे आता कुणी नव्हतं, एवढंच.

"मॅडम, तुमचं पाखरू पाण्यात बसतंय!" तांडेल उभा राहिला.

"होडी हलली!"

"होडी कुठं हलली? नांगर तिथंच हाय!"

तो खरं बोलत होता. जन्मभर त्याची होडी तिथेच असते जिथे तिचा नांगर असतो. ती त्याच्याभोवती कितीही फिरली तरी त्याला तो फेरा हलणं वाटत नाही. मीही खरं बोलत होते. भांडायला वेळ नव्हता. मी उतरणं रद्द केलं, यंत्र पाण्यावर अधांतरी धरलं. त्याचं तोंड माझ्याकडे होतं. पुढे घ्यायचं, आणि वारा त्याला माझ्या डावीकडे लोटत होता, म्हणून उजवीकडे घ्यायचं. मी उजवीकडे ढकललं. ते आणखी डावीकडे गेलं. घाबरून आणखी उजवीकडे ढकललं. आणखी डावीकडे. हिरवी पट्टी उन्हात दिसत नव्हती. पडद्यावर बॅटरी लाल झालेली. आणि आई, तेव्हा मला तू दिसलीस असं मी म्हणणार नाही, तसं काही झालं नाही. मला फक्त ती वई आठवली आणि तू तिच्यात शिरायचीस ते.

मी यंत्राकडे पाठ केली. समोर उघडा समुद्र, मागे यंत्र, आणि खांद्यावरून मान वळवून त्याच्याकडे बघत राहिले. आता त्याचं तोंड आणि माझं तोंड एका दिशेला. त्याचा उजवा तोच माझा उजवा. ते सरळ यायला लागलं.

"मॅडम, रडताय काय?" तांडेलाला माझी पाठ दिसत असणार, आणि हलणारे खांदे. "गेलं तर गेलं वो. जीव नाय गेला कुणाचा."

"रडत नाहीये! डोक्यावर आलं की धरा त्याला, खालून!"

त्याने पिंपावर पाय दिला आणि कोंबडी धरतात तसं दोन्ही पायांना धरून यंत्र खाली ओढलं. पंख्यांच्या वाऱ्याने त्याची टोपी पाण्यात गेली. पंखे थांबल्यावर टोपीकडे बघत तो म्हणाला, "आता ती मात्र हलली."

मी सरांना सगळं सांगितलं. फोटो पूर्ण मिळाले होते, यंत्र कोरडं होतं, कुणाला काही कळलंही नसतं. पण माझ्याच्याने राहवत नाही हे तुला माहीत आहे. होडीचं ऐकून ते हसले, म्हणाले, "नांगरलेली होडी हलती समजायची. हे मलाही सुचलं नसतं. पुढच्या वेळेपासून लक्षात ठेवू." मग विचारलं, "आणि आणलंस कसं?" मी सांगितलं. त्यांचं हसू गेलं. "पाठ फिरवून? ते पहिल्या आठवड्यातली मुलं करतात. वळायला जागा नसेल, मध्ये माणसं असतील, तेव्हा काय करशील? समोरून आणता यायला पाहिजे. सोमवारी मी बघायला येतो. जमलं तर किनाऱ्याचं पुढचं काम तुझं. नाहीतर काही महिने ऑफिसात बस." ते रागाने बोलले नाहीत. तूही रागाने बोलली नव्हतीस.

तेव्हापासून मी रोज काम सुटल्यावर सरावाचं लहान यंत्र घेऊन आपल्या घरी जाते. सध्या घराला कुलूप आहे, बाग बाबांनी कराराने दिली आहे. राखणदार ओळखतो, फाटक उघडतो आणि आपल्या फोनवर गाणी ऐकत लांब बसतो. खळं सारवलेलं नाही, पण मोकळं आहे. मी स्वयंपाकघराच्या पायरीवर उभी राहते, यंत्र वईपाशी नेते, त्याचं तोंड माझ्याकडे फिरवते आणि यायला सांगते. पहिल्या दिवशी ते वईत शिरलं, एक पंखा तुटला. दुसऱ्या दिवशी तुळशीच्या कट्ट्यापर्यंत आलं. मी मोठ्याने बोलते, यंत्राला ऐकू येत नाही तरी. पुढे. थोडं डावीकडे, तुझ्या डावीकडे. तू जवळ आलीस की मी घाबरून थांब म्हणायची, आणि तू डोळे उघडून म्हणायचीस, "आले की!" यंत्र जवळ आलं की मी अजून तशीच थांब म्हणते, तोंडाने, अंगठे हलवायला विसरते. मग ते माझ्या तोंडासमोर येऊन आपोआप थांबतं, आपल्यापुढे काहीतरी आहे हे त्याला समजतं म्हणून, आणि काही न बोलता हवेत थरथरत राहतं. काल बराच वेळ मी त्याला खाली उतरवलं नाही.

उद्या सोमवार. दहापैकी सात-आठ वेळा येतं सरळ. उरलेल्या वेळी माझा डावा हात आपोआप उजव्या मनगटाकडे जातो, बांगडी चाचपायला, आणि तेवढ्यात चूक होते. सरांना हे कसं समजावणार? समजावणार नाही. जमलं तर जमलं.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही, तुलाही ते ठाऊक असेल. पण एक सांगते. वर 'आई' लिहिलंय ते मी आधी कागदाच्या दुसऱ्या टोकाला लिहिलं होतं, उलटं, समोर बसलेल्या माणसाला सुलट दिसेल असं. 'आ' जमला. 'ई'ची शेंडी भलत्या बाजूला गेली. पुन्हा काढली, पुन्हा तिकडेच गेली. मग मी वरच्या टोकाला, इतरांसारखं, माझ्या बाजूने लिहिलं. मागून लिहिलं म्हण. तो उलटा शब्द खोडलेला नाही. तुझ्या बाजूने वाचलास तर पहिलं अक्षर तरी लागेल.